कैफियतीचा रकाना

जुन्या कागदांच्या वासाचं लोक फार कौतुक करतात. मला नाही बाई ते जमलं. कचेरीतल्या लांबट खोलीत शिपायानं रजिस्टर टेबलावर आपटलं तेव्हा ओल्या गोणपाटाचा आणि उंदरांचा वास आला, आणि मी आधी रुमाल नाकाला लावला. "पानं हळू उलटा, तुटत्यात," असं मलाच बजावून तो दार धाडकन ओढून निघून गेला. पान उलटलं, आणि त्या सगळ्या घाणीच्या खालून कुठून तरी वाळल्या गवताचा वास आला. कागदाची भुकटीच असेल ती. पण माझं काम तिथंच राहिलं. साठी ओलांडलेली बाई मी, शाळेत मास्तरीण म्हणून जन्म काढलेली, पिशवीत दोन चष्मे आणि पाण्याची बाटली. आणि मन निघालं थेट छावणीत, आजीच्या भाऱ्यापाशी.

आमच्याकडं पोरगी कॉलेजात निघाली की आधी तिचा पणजा शोधावा लागतो. माझ्या भावाच्या मुलीच्या, प्रज्ञाच्या, जात पडताळणीला जुनी नोंद हवी होती. भाऊ नोकरीला नाशिकला, त्यामुळं कचेरीचे खेटे माझ्या वाट्याला आले. नोंद काढायची, तिच्यावरून वंशावळ करायची, म्हणजे कोण कुणाचा बाप हे वरून खाली लिहायचं, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या माणसानं त्यावर शपथेची सही करायची. आमच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणतो. सत्त्याऐंशीचे आहेत, कान पक्के, जीभ त्याहून पक्की. नानांच्या वर त्यांचे वडील सटवा. सटवाच्या वर येसू. येसूच्या वर नुसता अंधार.

सटवा आजोबांचा फोटो नाही, वस्तू नाही. नाना चार वर्षांचे असताना ते गावातून गेले. गाव वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. अर्धं गाव म्हणायचं, सटवा फौजेत भरती झाला. अर्धं म्हणायचं, कुठंतरी मरून पडला. का गेले, भांडून गेले की उपाशी गेले, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि आता विचारायलाही कुणी उरलं नाही. आजीनं मात्र पहिलं ते खरं धरलं. गिरजाबाई तिचं नाव. फौज म्हणजे छावणी, एवढं तिला माहीत होतं. कुठल्याही मुलखात असेना का, फौजेतला माणूस एक ना एक दिवस छावणीत येणारच, असं म्हणून ती नानांना कडेवर घेऊन गावातून निघाली आणि छावणीच्या कडेला एका पत्र्याच्या खोलीत येऊन राहिली. माझा जन्म त्याच खोलीतला.

आजी गवत विकायची. दिवस उगवायच्या आत विळा घेऊन पडेगावच्या माळावर जायची, आणि ऊन चढेपर्यंत डोक्यावर भारा घेऊन परत यायची. लांबून बघितलं तर भाराच चालत यायचा. खाली फक्त दोन काळे पाय. श्रावण-भादव्यात गवत ओलं असायचं. त्याचं पाणी तिच्या कपाळावरून गळ्यात उतरायचं, आणि तिच्या कुशीत शिरलं की त्या कच्च्या हिरव्या वासानं डोकं भरून जायचं. तसा वास मला पुन्हा कुठल्याच गवताला आला नाही. दिवाळीनंतर माळ पिवळा पडायचा आणि कुसळं तिच्या लुगड्यात अडकून घरी यायची. संध्याकाळी ती पाय पसरून बसायची आणि मी एकेक कुसळ वेचून काढायची. एखादं टोचलं की ती म्हणायची, "हळू की गं भवाने, मी काय मेंढी हाय व्हय?" उन्हाळ्यात माळावर धड काडी राहायची नाही, तेव्हा ती कुठून कुठून कडब्याच्या पेंढ्या आणून विकायची. खाम नदीला तेव्हा पाणी होतं, म्हणजे नाक न दाबता जिच्याजवळ जाता येईल असं पाणी. त्यात ती विळा धुवायची, पाय धुवायची आणि मग छावणीच्या फाटकाकडं निघायची.

शहर तेव्हा टांग्यांचं होतं. गुलमंडीपासून छावणीपर्यंत घोड्यांच्या टापा आणि घुंगरं वाजायची, आणि रस्त्याला लिदीचा वास असायचा. आता सांगितलं तर प्रज्ञा नाक मुरडते. मला तो वास आजही चालेल. टांगेवाले आजीचं गिऱ्हाईक. गुरुवारी छावणीत बाजार भरायचा, गुरांचा नुसता कल्ला असायचा, आणि दुपारपर्यंत आजीचं सगळं गवत उठायचं. फक्त एक भारा ती कुणाला द्यायची नाही. तो पुढ्यात ठेवून फाटकासमोरच्या लिंबाखाली उभी राहायची. माल नसलेल्या बाईला तिथं उभं राहू देत नसत, म्हणून तो भारा. एक टांगेवाला तिला रोज छेडायचा, "क्यों मावशी, ये गट्ठा दूल्हे के वास्ते रखे क्या?" आजी म्हणायची, "तुझ्या घोड्याला इचार, त्याला अक्कल हाय."

फौजेचे ट्रक यायचे. धूळ उडायची, तिच्यात तेलाचा आणि कातड्याचा वास. प्रत्येक ट्रक आला की आजी मान वर करायची. ती तोंडं बघायची नाही, कान बघायची. सटवा आजोबांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती म्हणे, लहानपणी बाळी ओढली गेली होती. "तोंड म्हातारं हुतं, मिशी येती-जाती, कान कुठं जातोय?" असं ती मला समजावून सांगायची. मग मीही कान बघायला लागले. पाच-सहा वर्षांची पोर मी. वर्गातल्या मास्तरांचे, दुकानदाराचे, सगळ्यांचे डावे कान बघत फिरायची. संध्याकाळी आत बिगुल वाजायचा. तो संपेपर्यंत ती उभी राहायची, मग शेवटचा भारा येईल त्या भावात द्यायची आणि माझं बोट धरून घरी यायची. वाटेत कधी बोलायची नाही. भाकरी थापायला बसली की पुन्हा तिचं तोंड सुरू व्हायचं.

तिच्या गळ्यात काळी पोत होती. मण्यांचा रंग घामानं आणि उन्हानं विटून राखाडी झालेला, मध्ये दोन पिवळ्या वाट्या. बुद्ध पौर्णिमेला खीर करायच्या आधी ती डोक्यावरून पाणी घ्यायची आणि पोत दोन बोटांनी घासून घासून धुवायची. तेवढ्यापुरते मणी काळे दिसायचे.

मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. नाना तोवर कारकून झाले होते. रात्रशाळेत शिकून झाले होते, आणि वस्तीत त्याचा मान होता. गावच्या इनाम जमिनीत आमचाही हिस्सा आहे का, हे बघायला त्यांनी जुन्या रजिस्टराची नक्कल काढली. रजिस्टर निजामाच्या वेळचं, उर्दूतलं. वाचणाऱ्याकडून मराठी करून घ्यावं लागायचं. दुपारी ते सायकलवरून आले. आजी दारात विळ्याला धार लावत होती.

"माय, नक्कल मिळाली."

"त्याच्याबद्दल काय लिवलंय?"

"फौत."

आजीला उर्दू येत नव्हतं, मराठीही वाचता येत नव्हतं. पण हा शब्द आमच्या मुलखात शेंबड्या पोरालाही कळतो. फौत म्हणजे मेला.

"कोन वाचलं?"

"वाचनाऱ्यानं वाचलं. सरकारी कागद हाय."

"सरकारी हाय म्हनल्यावर खरंच आसंल," आजी म्हणाली. तिनं विळ्याची धार अंगठ्यानं तपासली, विळा कोपऱ्यात ठेवला आणि मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा गळा मोकळा होता. जिथं पोत असायची तिथं कातडीची एक गोरी रेघ होती, आणि ती रेघ बघून मला वाटलं आजीला काहीतरी लागलंय. मी हात लावायला गेले तर तिनं पदर गळ्याशी ओढून घेतला. रडली वगैरे काही नाही. चुलीवर पाणी ठेवलं आणि नानांना म्हणाली, "च्या घेतू का?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळे भारे बाजारातच विकायला सुरुवात केली. शेवटचा ठेवायची गरज राहिली नव्हती. दुपारीच घरी यायची. शाळेतून आल्यावर आजी घरी सापडायची याचा मला इतका आनंद झाला, की मी वर्गातल्या पोरींना सांगत सुटले. हे आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते. ट्रक आला तरी ती मान वर करायची नाही. त्यानंतर ती खूप वर्षं जगली, माझं लग्नही तिनं बघितलं, पण गळा तसाच राहिला. सभेत नाना तावातावानं सांगायचे, विधवेचा गळा रिकामा करायची रीत आपण सोडली, आता ते आपल्यात नाही. आजी मागं बसून ऐकायची.

तर ते रजिस्टर आता माझ्यापुढं होतं. कचेरीबाहेर एक मास्टरसाब बसतात. उर्दू शाळेतले रिटायर मास्तर, पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं. लोकांना जुन्या नोंदी वाचून देतात. त्यांना आत बोलावलं. त्यांनी पानावर बोट न टेकवता, वरच्या वर हवेत बोट फिरवत वाचायला सुरुवात केली.

"सटवा वल्द येसू. तुमारे दादा?"

"आजोबा."

"हौ, वहीच. आगे… वारिस, इठ्या, उमर चार साल."

मला हसूच आलं. विठ्ठलराव म्हणून साऱ्या वस्तीला दरडावणारे माझे नाना, सरकारदरबारी चार वर्षांचे इठ्या! हसता हसता डोळे भरून आले, कारण त्या दोघांची नावं इतकी जवळ मी कधीच बघितली नव्हती.

"अब ये आखरी खाना, कैफियत का," मास्टरसाब म्हणाले. "इसमें लिखते थे, आदमी का क्या हुआ." शेवटच्या रकान्यात कागदाची कड कसरीनं खाल्ली होती. त्यांनी पान खिडकीकडं धरलं. "फे… वाव… आगे का कीड़ा खा गया." म्हणजे शब्दाची पहिली दोन अक्षरं होती, शेवटचं गेलं होतं.

"फौत आहे ते," मी म्हणाले. "आमच्याकडं जुनी नक्कल होती. तीत फौतच लिहिलं होतं."

"फौत बी होता बाई, फौज बी होता. दोनों में फे-वाव." मग ते खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "ये देखो. ये निशानी अंगूठा. बाजू में लिखा, बयान खुद. मतलब इने खुद आके बच्चे का नाम लिखाया. मुर्दा आके अंगूठा लगाता क्या?"

तो ठसा तपकिरी झाला होता. रेघा मात्र स्पष्ट. ज्या माणसाचा कानसुद्धा मला कधी दिसला नाही, त्याचा अख्खा अंगठा समोर होता. माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

"मग आधी ज्यानं वाचलं त्यानं फौत कसं वाचलं?"

मास्टरसाबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "उसकू अंगूठा दिखा नै होगा," ते म्हणाले. मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून, "दिखता तो साफ है."

मी मोबाईलवर पानाचा फोटो घेतला आणि रिक्षा न करता चालत छावणीकडं निघाले. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दिले. फाटकासमोरचा लिंब आता नाही. तिथं रसवंती आहे, मोबाईलचं दुकान आहे, रिक्षांची रांग आहे. गवताची एक काडी नाही. मी तिथं उभी राहिले आणि मला भयंकर राग आला. आजी बरोबर होती! सगळी वस्ती तिला हसली, आणि तीच एकटी बरोबर होती. निदान तो माणूस जिवंत गेला होता, पोराचं नाव लिहून गेला होता, आणि ती ज्याची वाट बघत होती तो कुणीतरी होता. हे नानांना सांगायचं का? भाऊ फोनवर म्हणाला, "नको ताई, या वयात त्यांना सोसायचं नाही." मी त्याला बरं म्हणाले.

घरी आले तर नाना ओट्यावर बाजेवर बसलेले. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "मास्टरनं वाचलं का?"

"वाचलं."

"शेवटच्या रकान्यात काय निगालं?"

माझा पाय चपलेतच राहिला. ज्यानं स्वतः नक्कल आणून फौत सांगितलं होतं, त्याला शेवटच्या रकान्यात काय निघालं हे विचारायची गरज नव्हती.

"नाना," मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "कड तवा बी खाल्ली व्हती. वाचनारा भला मानूस व्हता. म्हनला, फे-वाव हाय, पुढचं लागत नाय, फौत म्हनू का फौज? अंगठा बी त्यानंच दावला मला. म्या म्हनलं, फौत लिवा."

"का हो नाना?"

"रोज बघायचो ना गं तिला तितं. हापिसात जाताना, येताना. फौजीची बाय म्हनून लोक दात काढायचे अन् मी मान खाली घालून सायकल हाणायचो. माझी माय हाय म्हनून कंदी थांबलो नाय. वाटलं, एकदाच काय ती रडंल अन् सुटंल बिचारी."

"रडली का?"

"कुटं रडली!" नाना म्हणाले. "च्या घेतू का म्हनली."

मी आत गेले आणि चहा ठेवला. बोलले असते तर वाईट बोलले असते. साखर दोनदा टाकली हे चहा पिताना कळलं; नानांनी तसाच प्यायला. मग ते म्हणाले, "अंगठा हाय का आजून?" मी मोबाईल काढून फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी त्याच्यावर आपला अंगठा टेकवला, मापायला. पण अंगठा टेकला की फोटो सरकायचा. पुन्हा टेकवला, पुन्हा सरकला. "पळतुया," नाना म्हणाले, आणि मोबाईल माझ्या हातात देऊन टॉवेलात तोंड खुपसून रडले. माझा राग त्यात वाहून गेला असं मी म्हणणार नाही. थोडा आहेच. पण मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले.

चार दिवसांनी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला मी आणि प्रज्ञा नानांना रिक्षातून कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं भराभर कागद काढला आणि वाचून दाखवला. "वर येसू, मयत. त्याखाली सटवा, मयत. त्याखाली विठ्ठल, म्हणजे तुम्ही. बरोबर ना बाबा? करा सही."

"सटवाम्होरलं ते काढ," नाना म्हणाले.

"काय काढू?"

"मयत."

टायपिंगवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, तुमचं वय सत्त्याऐंशी. तुमचे वडील आज…"

"मला बेरीज येती. शपथेवर लिवायचंय ना ह्ये? एकदा लिवून घेतलंय म्या. तेवढ्यानं माझ्या मायच्या गळ्यातलं गेलं. आता नाय लिवनार."

"अहो, मोकळं सोडलं तर कमिटी विचारेल. पोरीचं काम अडकेल उगाच."

नानांनी प्रज्ञाकडं पाहिलं. काम तिचं होतं, वर्ष तिचं जाणार होतं. ती माझ्याकडून सगळं ऐकून होती. "काढा काका," ती म्हणाली. "आजोबा म्हणतात तसं करा."

त्यानं शब्द खोडला आणि नवा कागद काढून दिला. सटवासमोर बोटभर जागा रिकामी राहिली. नानांनी चष्मा नाकावर नीट बसवला, पेन घेतलं, पण सहीच्या जागेकडं गेलेच नाहीत. त्या रिकाम्या जागेत ते लिहायला लागले. "बाबा, हातानं नका लिहू, आणि बायकांची नावं वंशावळीत नसतात," टायपिंगवाला म्हणत होता. नाना लिहीत राहिले. 'गिरजाबाईचा नवरा.' वेळ लागला, पण अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.